एच-४ वर येऊन कॅलिफोर्नियात नर्सिंग करायचं असेल तर

तुमचा प्रश्न असा : लग्नानंतर नाशिकहून एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) फ्रीमाँटला येताय, मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी झालंय, आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, व्हायचंय. एक खासगी कॉलेज ‘चार महिन्यांत ॲडमिशन’ म्हणून मागे लागलंय. ते घ्यावं, की कम्युनिटी कॉलेजसाठी (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) थांबावं?

थांबा. पण कॉलेजच्या आधी घरात एक गोष्ट विचारून घ्या : मिस्टरांचा आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर झालाय का? एच-४ वर शिकता येतं, पगार घेता येत नाही. त्यासाठी ईएडी (कामाचा परवाना) लागतं आणि ते साधारणपणे आय-१४० मंजूर झाल्यावरच मिळतं. लायसन्सची अडचण त्या मानाने कमी आहे. कॅलिफोर्नियाचं नर्सिंग बोर्ड, म्हणजे बीआरएन, सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयटीआयएन (टॅक्स भरण्यासाठीचा नंबर) चालवून घेतं. म्हणजे परीक्षा पास, लायसन्स हातात आणि नोकरी मात्र करता येत नाही, अशीही वेळ येऊ शकते. आय-१४० ची प्रक्रिया सुरूच झाली नसेल, तर अभ्यासाआधी तिच्यामागे लागा.

आता फी. कम्युनिटी कॉलेजमध्ये राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला (अभ्यासक्रम मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात. डी अँझा कॉलेजात क्वार्टर पद्धत, म्हणजे छोटी सत्रं आहेत, म्हणून तिथे ३१ दिसतात, पण हिशेब जवळपास तोच. आधीचे विषय धरून असोसिएट डिग्रीला (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी) साधारण ७० युनिट लागतात, म्हणजे ३,२२० डॉलर. पुस्तकं, युनिफॉर्म, तपासण्या वेगळ्या. खासगीत हाच आकडा पाच अंकी, काही ठिकाणी लाखाच्या घरात जातो. रहिवासी नसलात तर कम्युनिटी कॉलेजातही युनिटला तीनशेच्या वर पडतात. पाच युनिटचा ॲनाटॉमीचा एकच विषय २३० ऐवजी दीड हजारावर जातो.

एच-४ वाल्याला फीसाठी रहिवासी ठरता येतं, एफ-१ (स्टुडंट व्हिसा) वाल्याला नाही. म्हणून ‘स्टुडंट व्हिसा करून घ्या’ हा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका. नियम एक वर्ष आणि एक दिवसाचा आहे, आणि तो सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवशी पूर्ण झालेला असावा लागतो. मिस्टर पाच वर्षं इथे आहेत हे तुमच्या खात्यात जमा होत नाही, बी-२ या टूरिस्ट व्हिसावर येऊन राहिलेले महिनेही नाहीत. फॉल सत्र बहुतेक कॉलेजांत ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं. जुलैत उतरलात तर पुढच्या वर्षीच्या फॉलला रहिवासी ठरता. १० सप्टेंबरला उतरलात तर त्या फॉलला काही दिवसांनी हुकता आणि स्प्रिंगपर्यंत थांबावं लागतं. तिकीट काढायच्या आधी हे कॅलेंडर समोर ठेवा. उतरल्यावर ड्रायव्हिंग लायसन्स लगेच कॅलिफोर्नियाचं काढा, भाडेकरारावर आणि बँक खात्यावर स्वतःचं नाव घाला, आणि राज्याचा टॅक्स रहिवासी म्हणून भरा. कॉलेज हेच कागद मागतं. सरकारी शिष्यवृत्तीचा एफएएफएसए अर्ज मात्र एच-४ साठी नाही.

थांबण्याचं वर्ष रिकामं घालवू नका. नॉन-क्रेडिट, म्हणजे पदवीत न धरल्या जाणाऱ्या, वर्गांना फी नसते. सीएनएचा (नर्सिंग असिस्टंटचा) १६० तासांचा कोर्स करता येतो, हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियर म्हणून जाता येतं. दोन्हीचे ॲडमिशनच्या वेळी गुण मिळू शकतात. शिवाय बेडपॅन आणि ड्रेसिंग आपल्याला झेपतं का, हे फुकटात कळतं.

खरी अडचण फीची नाही, प्रोग्रॅमच्या आधी करायच्या विषयांची आहे : ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी आणि कॉलेज इंग्लिश. पहिले तिन्ही लॅबसह. तुमची नाशिकची मायक्रोबायोलॉजी बहुधा इथे पुन्हा करावी लागेल; परदेशी लॅब विषय बरीच कॉलेजं मानत नाहीत. फिजिऑलॉजीच्या आधी अनेक ठिकाणी केमिस्ट्री मागतात, म्हणून तीही लक्षात ठेवा. नवीन विद्यार्थ्याचा नोंदणीचा नंबर शेवटी लागतो आणि ॲनाटॉमीच्या जागा तोवर संपलेल्या असतात. एकाच कॉलेजवर अडून राहू नका. रहिवाशाला राज्यातल्या कुठल्याही कम्युनिटी कॉलेजात फी तीच. फक्त ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी मिळून दोन भागांचा जोडविषय असेल तर दोन्ही भाग एकाच कॉलेजात करा. अर्धा इथे अर्धा तिथे केला की दोन्ही बाद होऊ शकतात. एका वेळी दोनपेक्षा जास्त लॅब विषय घेऊ नका. हे ग्रेड ॲडमिशनला मोजले जातात, आणि विषय पुन्हा करण्यावर बऱ्याच ठिकाणी मर्यादा असते. काही कॉलेजांत पाच-सात वर्षांपूर्वीचे विज्ञान विषय चालत नाहीत, त्यामुळे मध्ये मोठा खंड पडू देऊ नका.

मग टीज, म्हणजे नर्सिंगची प्रवेश परीक्षा : १७० प्रश्न, २०९ मिनिटं, आणि बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत किमान ६२ टक्के. ६२ वर दार उघडतं इतकंच, गुण मिळवायचे तर ऐंशीच्या पुढे जा.

फ्रीमाँटजवळ ओलोनी (नर्सिंग नेवार्कच्या कॅम्पसवर), हेवर्डचं शॅबो, सॅन होजेचं एव्हरग्रीन व्हॅली आणि क्युपर्टिनोचं डी अँझा आहे. कुठे गुणांवर निवड होते, कुठे सोडतीवर, आणि पद्धत बदलत राहते. त्या वर्षीचा तक्ता उघडून बघा. गुणांच्या पद्धतीत तुमच्याकडे दोन जमेच्या बाजू आहेत. आधीची पदवी (मूल्यमापन करून) आणि इंग्रजीशिवाय दुसरी भाषा. राज्याच्या कायद्यातल्या भाषांच्या यादीत भारतीय उपखंडातल्या भाषाही आहेत, तेव्हा मराठी इथे खरोखर उपयोगी पडू शकते. पुरावा कसा द्यायचा हे कॉलेज ठरवतं.

निकाल बघायला बीआरएनच्या साइटवर प्रत्येक कॉलेजचे एनक्लेक्सचे (लायसन्सच्या परीक्षेचे) आकडे असतात. पहिल्या प्रयत्नात पास होणारे ७५ टक्क्यांच्या खाली गेले तर बोर्ड जाब विचारतं. एका वर्षावर जाऊ नका, पाच वर्षं बघा आणि किती जणांनी परीक्षा दिली तेही बघा. साठ जणांना घेऊन चाळीसच शेवटपर्यंत नेणाऱ्या कॉलेजचाही निकाल ९५ टक्के दिसतो, कारण गळालेले वीस त्यात धरलेलेच नसतात.

आता त्या खासगी कॉलेजला तीन गोष्टी ईमेलवर विचारा, फोनवर नको. हा प्रोग्रॅम बीआरएनच्या मंजूर यादीत आहे का? सगळं धरून एकूण खर्च किती? आणि इथले क्रेडिट राज्य विद्यापीठात बीएसएनसाठी (नर्सिंगची चार वर्षांची पदवी) धरले जातात का? पहिल्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर तो बहुधा एलव्हीएन (आरएनच्या खालची नर्स) किंवा मेडिकल असिस्टंटचा कोर्स आहे. तिसरं महत्त्वाचं, कारण इथली मोठी हॉस्पिटलं बीएसएन बघतात आणि आरएन झाल्यावर ती पायरी चढावीच लागते.

प्रोग्रॅम मिळाला की दोन वर्षं क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलमधल्या, शिफ्ट बऱ्याचदा पहाटेच असतात, सात वाजता वॉर्डमध्ये हजर. बहुतेक डेकेअर त्या वेळी नुकती उघडत असतात. गाडी चालवणं आलंच पाहिजे.

काही कामं नाशिकलाच उरकून या. हिपॅटायटिस बी चे तीन डोस सहा महिन्यांत होतात. आताच सुरू करा आणि नोंद इंग्रजीत, सही-शिक्क्यासह घ्या. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या यांचेही दाखले घ्या. ते असले तरी कॉलेज रक्ततपासणी मागू शकतं. लहानपणी बीसीजी घेतल्यामुळे टीबीची त्वचेवरची टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे, फॉलोअप यात महिना जातो. इथे पहिल्यांदाच क्वांटिफेरॉन ही रक्ततपासणी मागा. विद्यापीठाची सीलबंद ट्रान्सक्रिप्ट तिथे असतानाच काढून घ्या. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, पासपोर्टवर वेगळा क्रम आणि लग्नानंतर वेगळं आडनाव. तिन्ही कागद एकाच बाईचे आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचं इंग्रजी प्रमाणपत्र आणि नावाबद्दलचं प्रतिज्ञापत्र, दोन्हीच्या तीन-तीन प्रती बरोबर आणा.