सूक्ष्मदर्शकाच्या १०० एक्स लेन्सखाली (जी तेल टाकून वापरतात) मलेरियाचा स्मिअर, म्हणजे काचपट्टीवरचा रक्ताचा थर, धुरकट दिसतो, आता ४० एक्स लेन्सही बिघडलीय. काय करू? (नेरुळ, नवी मुंबई)

बहुतेक ४० एक्सला तेल लागलंय. १०० एक्ससाठी तेल टाकल्यावर ‘जरा ४० वर बघू’ म्हणून नोजपीस (लेन्स बसवलेली फिरती चकती) मागे फिरवलं की ही बिनतेलाची, कोरडी वापरायची लेन्स थेंबातून घासत जाते. लेन्स काढा, आयपीस (डोळा लावायची लेन्स) उलटा धरून भिंगासारखा वापरा आणि पुढची काच बघा. इंद्रधनुषी तवंग दिसला की समजा.

आधी कोरडा लेन्स पेपर नुसता टेकवून तेल टिपा, घासू नका. मग दुसऱ्या कागदावर एकच थेंब जायलीन (तेल विरघळवणारं द्रावक) घेऊन मधून कडेकडे गोल फिरवत पुसा, लगेच कोरड्या कागदाने टिपा. जायलीन जास्त झालं तर आत झिरपून काच बसवलेला सिमेंट सैल करतं. कापूस, टिश्यू, शर्टाचं टोक अजिबात नको.

१०० एक्सच्या धुरकटपणासाठी कंडेन्सर (खालून प्रकाश एकवटणारी लेन्स) वर आणि डायफ्रॅम (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) उघडा आहे ना बघा. तेल १.५१५ अपवर्तनांकाचं (प्रकाश किती वळतो त्याचं माप) हवं, म्हणजे जवळपास काचेइतकं. तरच प्रकाश काचेतून हवेत वळून वाया जात नाही. तेलात बुडबुडा असेल तर नोजपीस थेंबातच किंचित डावी-उजवीकडे हलवा, ४० एक्सपर्यंत जाऊ न देता. सिडारवूड तेल असेल तर रोज पुसाच, ते वाळून वार्निशसारखं घट्ट होतं.

आपल्याकडे पावसाळ्यात लेन्सवर बुरशीची जाळी धरते, तेव्हा सूक्ष्मदर्शक सिलिका जेलसह बंद कपाटात ठेवा. जेल गुलाबी किंवा हिरवं झालं की तापवून वाळवा.