वळवाच्या विजा टिपायच्या तर कड्यावरून नाही, कड्यासमोरून

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुण्याहून गाडी काढायची, चार दिवस वळवाच्या मागे फिरायचं, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ट्रायपॉड लावायचा आणि १८-५५च्या किट लेन्सवर विजा टिपायच्या, असा तुमचा बेत आहे. त्यातला कोकणकडा आधी खोडा. वीज कडाडत असताना गडाचा माथा, मोकळा सडा, बुरूज, उथळ गुहेचं तोंड, एकटं झाड, पत्र्याची टपरी यांतली एकही जागा सुरक्षित नसते. शिवाय ज्या डोंगरावर आपण उभे, तो डोंगर फोटोत येत नाही.

फोटो मिळतो तो वादळापासून १५ ते २५ किलोमीटरवरून, डोंगर मध्ये ठेवून. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. मेमध्ये हवा कोरडी असल्याने ढगाचा तळ बराच वर असतो, जमिनीपासून अडीच किलोमीटर धरा. २० किलोमीटरवरून ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंतची वीज साधारण ७ अंश उंच दिसते. आता तुमच्यापासून ५ किलोमीटरवर ६०० मीटर उंचीचा डोंगर असेल तर तोही ७ अंशच व्यापतो, म्हणजे वीज पूर्ण त्याच्यामागे. हाती लागतो तो नुसता उजळलेला ढग. तोच डोंगर १० किलोमीटरवर असेल तर साडेतीन अंशांत आटोपतो आणि निम्मी वीज वर दिसते. म्हणून एकतर डोंगरापासून मागे सरका, नाहीतर डोंगर चौकटीच्या एका कडेला घेऊन खिंडीच्या किंवा खोऱ्याच्या दिशेने कॅमेरा लावा. भंडारदऱ्याच्या जलाशयावरून कळसूबाई (१६४६ मीटर) फार जवळ आणि फार उंच पडते, तिथे हा दुसरा उपायच चालतो. पवनेच्या काठावरून तुंग-तिकोना सोपे, सुळके सुटे असल्याने दोन्ही बाजूंना आकाश मोकळं राहतं.

लेन्सही याच हिशेबाने ठरते. तुमच्या क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरवर १८ एमएमला आडव्या चौकटीची उंची ४७ अंश भरते, त्यात ७ अंशांची वीज म्हणजे दोरा. ३५ ते ५५च्या दरम्यान राहा. १८ ठेवा ते ऐरणीसारखा पसरलेला ढगाचा माथा सबंध हवा असेल तेव्हा.

एक्स्पोजरबद्दल एवढं पक्कं ध्यानात ठेवा: विजेचा उजेड लेन्सचं छिद्र (एफचा आकडा) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ठरवतात, डोंगराचा उजेड शटर ठरवतो. वीज क्षणात संपते, शटर १० सेकंद उघडं असो की २०, ती तेवढीच उजळ येते. रात्री २० किलोमीटरवरच्या विजेला एफ ५.६, आयएसओ २००, १५ सेकंद इथून सुरुवात करा. वीज पांढरी फटक होऊन तिच्या फांद्या एकमेकींत मिसळत असतील तर एफ ८ किंवा ११ करा, शटरला हात लावू नका. रिमोट लॉक करून सलग फ्रेम घेत राहा. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंदच हवं, नाहीतर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तितकाच वेळ अडून बसतो आणि नेमकी वीज तेव्हाच पडते. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशनही बंद. फोकस दूरच्या गावातल्या दिव्यावर, स्क्रीन १० पट मोठी करून हाताने, मग रिंगवर चिकटपट्टी. १५ सेकंदांच्या हिशेबाने तासाला सव्वादोनशेच्या वर फ्रेम होतात, तेव्हा दोन बॅटऱ्या लागतातच. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) ठेवा.

दिवसाउजेडी आयएसओ १००, एफ ११ ते १६, एनडी (उजेड कमी करणारा काळसर) फिल्टर लावून पाव ते एक सेकंद, आणि सलग शूटिंग. लाइटनिंग ट्रिगर (चमक दिसताच शटर उघडणारं उपकरण) असेल तर काम हलकं होतं. एका विजेत बहुधा तीन-चार झोत लागोपाठ येतात, पहिल्यावर ट्रिगर जागा होतो आणि पुढचे टिपतो. त्यामुळे ट्रिगर लावूनही शटर फार वेगवान ठेवलं तर हाती काही लागत नाही.

पाठलागासाठी पुणे-नाशिक रस्ता हाताशी धरा. तो डोंगररांगेच्या पूर्वेने जातो आणि नारायणगावहून जुन्नरकडे, आळेफाट्याहून माळशेजकडे, संगमनेरहून अकोले-भंडारदऱ्याकडे फाटे फुटतात. सकाळी विंडी या हवामानाच्या संकेतस्थळावर केप (ढग वर उसळवणारी हवेतली ऊर्जा) आणि ७०० व ५०० हेक्टोपास्कलचा, म्हणजे साधारण तीन ते सहा किलोमीटर उंचीवरचा वारा पाहा. ढग साधारण त्याच वाऱ्याने सरकतात, जमिनीवरच्या वाऱ्याने नाही. दुपारी दोनपर्यंत रस्त्यावर असा. मग हवामान खात्याचं रडार आणि उपग्रहचित्र, आणि विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप. घाटात रेंज जाते, म्हणून निर्णय फाट्यावरच घ्या. वादळाच्या पुढे नाही, बाजूला राहा. गाडी चालवणारा आणि आकाश बघणारा वेगवेगळे असलेले बरे.

चमक आणि गडगडाट यांतले सेकंद मोजा, ३ सेकंदांना १ किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आलं की ट्रायपॉड सोडून गाडीत. पक्क्या टपाच्या, काचा वर केलेल्या. कापडी टपाची जीप किंवा दुचाकी उपयोगाची नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. ऐरणीतून पडणारी वीज पावसापासून १० किलोमीटर लांबही उतरते, त्यामुळे ‘इथे तर कोरडं आहे’ हा युक्तिवाद टिकत नाही. आतूनही काम चालतं: लेन्स काचेला टेकवा, भोवती काळं कापड, डॅशबोर्डचे दिवे बंद. पावसाआधी धुळीचा सोसाटा येतो, गाडी झाडाखाली नको. एसीतला गार कॅमेरा दमट हवेत काढला की लेन्सवर वाफ धरते, वीसेक मिनिटं आधी एसी बंद करा.

आणि तारखा हलवता येत असतील तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याचा विचार करा. मेमध्ये धरणं आटलेली, पुढ्यात चिखलाचा पट्टा, धुरकट हवेत लांबची वीज नारिंगी. परतीच्या पावसात हवा धुतलेली असते आणि पवनेत पाणी काठोकाठ असतं.