सभा संपली, तरी मन उठत नाही

प्रश्न : मी २८ वर्षांची आहे. ज्या युवा संघटनेत मी काम करते, तिच्या प्रमुखाशी माझे अडीच वर्षे प्रेमसंबंध होते. तो बोलू लागला की शंभर जणांतल्या प्रत्येकाला वाटते, हा माझ्याशीच बोलतो आहे. त्याच्या भाषणांची टिपणे मीच काढून देत असे. पाच महिन्यांपूर्वी ‘मला आता कामाला वेळ द्यायचा आहे’ एवढेच सांगून त्याने नाते तोडले. संघटनेत सगळे त्याचे गोडवे गातात, त्यामुळे चूक माझीच असावी असे वाटते. रात्री त्याच्या भाषणांचे व्हिडिओ पाहत बसते. यातून बाहेर कशी पडू?

उत्तर : तुमचे एक माणूस गेले आहे आणि त्याच्या निवडीमुळे चारचौघांत मिळालेले खास स्थानही गेले आहे, हे दुसरे दुःख बोलून दाखवायला संकोच वाटतो, म्हणून ते अधिक सलते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी अशा नेत्यांविषयी मांडले होते की, त्यांचा प्रभाव अनुयायांच्या मान्यतेवर टिकतो आणि ती मान्यता आटली की तोही ओसरतो. त्याच्या वलयात टाळ्या वाजवणाऱ्यांचा वाटा होता, तसा तुमच्या टिपणांचाही होता. सहकारी त्याचे कौतुक करतात ते व्यासपीठावरून दिसणाऱ्या माणसाचे; घरी तुमचा फोन न उचलणारा माणूस त्यांनी पाहिलेला नाही, तेव्हा त्यांच्या कौतुकावरून तुमची चूक सिद्ध होत नाही. मात्र त्याला न भेटता ‘आत्मकेंद्री’ ठरवणे मला मान्य नाही. असे शिक्के हल्ली फार स्वस्त झाले आहेत, आणि त्यांनी झोपही येत नाही.

व्हिडिओंचे मात्र मनावर घ्या. प्रेमाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नकार मिळूनही प्रेमात असलेल्या १५ जणांना त्या व्यक्तीचे छायाचित्र दाखवले, तेव्हा मेंदूतील ओढ आणि व्यसनाशी निगडित भाग सक्रिय झालेले दिसले. त्यामुळे रोज रात्री व्हिडिओ लावणे म्हणजे खपली काढणेच आहे. ते फोनमधून काढून टाका, आणि निदान तीन महिने संघटनेच्या कामातून रजा घ्या. कामाची ओढ खरी असेल, तर ती तेवढ्याने मरणार नाही.

‘मन मोकळे करण्यासाठी लिहा’ असा सल्ला तुम्हाला मिळाला असेल, पण जे सतत तेच ते उगाळतात त्यांना तो मानवतोच असे नाही. नुकत्याच विभक्त झालेल्या व्यक्तींवरील २०१३ च्या एका अभ्यासात, अशा लोकांना भावनांपेक्षा दिवसभरात काय केले याची साधी नोंद लिहिणे अधिक हितकारक ठरले. तुम्हीही तेवढेच लिहा : किती वाजता उठले, काय जेवले, कोणाला भेटले. झोप किंवा जेवण पार बिघडले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर पुढच्या अंकाची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा.

आणि त्या भाषणांच्या टिपणांची वही रागाच्या भरात फाडू नका. तिच्यातले अक्षर तुमचे आहे.