पहिली पावती गावात

चि. मुली,

काल निम्मा चहा तसाच टाकून गेलीस. कंपनी तुमच्या देवराईसाठी, देवाच्या नावानं राखलेल्या त्या रानासाठी, पैसे द्यायला तयार, पण वाटेवर कमान हवी, देवापुढे फरशी हवी. "काका, हो म्हणू का?" असं तू विचारलंस. मी गप्प बसलो, कारण तसली फरशी मी एकदा बसवून आलोय.

तुमच्याच आंबेगावच्या डोंगरात. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात देवरायांवर लिहिलेलं वाचून मी तिकडे गेलो. त्यांनी झाडं मोजली, मी देणगीदार. उघड्यावरच्या तांदळ्यावर, म्हणजे देव म्हणून पुजलेल्या बिनघडीव दगडावर, पत्रा घातला, खाली फरशी, बाजूला नावांची संगमरवरी पाटी. ग्रामसभा घेतलीच नाही, सरपंचांची सही तेवढी घेतली. पुढच्या वर्षी पत्र्यावर फांदी पडेल म्हणून बेहडा तोडला. जिथून वाळकी काटकी कुणी उचलत नव्हतं, तिथला! एक म्हातारा म्हणाला, "आमच्या देवाला छप्पर लागत नव्हतं, सायेब. तुमच्या छपराला झाड नको झालं."

म्हणून सांगतो, पहिली पावती गावात फाटली पाहिजे. पैसे नसतील तर बाळहिरड्याच्या हंगामात घरटी मापटंभर हिरडा घ्या. तीही वर्गणीच. ज्याचा हिरडा गेला तो विचारतो, कमान कशाला?

आणि कंपनीपुढे इतकं वाकायचं कारण काय? २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू असेल, तर सरासरी नफ्यातले २ टक्के त्यांना समाजाच्या कामांवर (सीएसआर) खर्चायचेच आहेत, आणि त्या कामांच्या यादीत वारसा जतनही बसतं. "उपकृत करावे" लिहिलेला तो अर्ज फाड. संस्थेची करसवलतीची नोंदणी आणि सीएसआरचे पैसे घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी ही कागदपत्रं कुठलाही सीए करून देईल, त्यासाठी मला फोन करू नकोस. जागा वनखात्याची असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा सामूहिक दावा कुठवर आलाय ते बघ. तो ग्रामसभेतूनच जातो. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा, त्याखाली मिळणाऱ्या ५ टक्के अबंध (कशावर खर्चायचा ते आधी न ठरवलेल्या) निधीचं नियोजनही तिथंच. फिरून फिरून तिथंच यायचंय, मग आधीच का जात नाहीस?

मी पैसे आणले नसते तर त्या राईकडे कुणी फिरकलं नसतं, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. थोडं खरंही आहे ते. पण तू महादेव कोळी, गाव तुझं. मी सदाशिव पेठेतला. मला माफ झालं ते तुला होणार नाही.

पावतीपुस्तक छापलंस की घेऊन ये. माझी पावती सगळ्यांत शेवटी फाड, आणि नाव कुठल्या पाटीवर घालू नकोस.

तुझा,
काका