दाखले हातांनी शिकवा

मिरजेच्या शाळेत पहिली-दुसरी मिळाली ना, ताई? मग बायबलचा तास नुसता फळ्यावर घालवू नका. दाखला म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा. पेरणाऱ्याचा दाखला (बायबलातलं मत्तयाचं पुस्तक, अध्याय 13) मुलांकडून पेरून घ्या: त्यात बी वाटेवर, खडकाळ जागी, काट्यांत आणि चांगल्या मातीत पडतं. चार पसरट डबे पुरतात. एकात माती पायाने घट्ट तुडवायची, ती वाट. दुसऱ्यात सपाट दगडावर बोटभर मातीचा थर. तिसऱ्यात आठवडाभर आधी हरळी लावून ठेवा, काट्यांच्या जागी ती चालते. चौथ्यात कृष्णाकाठची काळी माती आणि शेणखत. बी एकच, ज्वारीचं. चार-पाच दिवसांत कोंब दिसतात. दगडावरचे उगवतात, पण उन्हाने माती लवकर सुकते आणि ते माना टाकतात. तिथे मुलं दया येऊन जास्त पाणी घालतात. रोजचं पाणी एकाच वाटीने, सर्वांना सारखं द्या. कोंब सुकेपर्यंत दाखल्याचा शेवट सांगू नका. मुलं आपणहून 'का?' विचारतात, तेव्हाच बायबल उघडा. शेतकऱ्यांची मुलं असतील तर त्यांना आधी बोलू द्या, त्यांना जमीन तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळते.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यासाठी, म्हणजे चोरांनी लुटून जखमी केलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्या परक्या माणसाच्या गोष्टीसाठी, नाटुकलं बसवा आणि जखम बांधायला खरंच शिकवा: हात धुणं, स्वच्छ कापड, पट्टीची गाठ. सोबत 1894 साली मिरजेत रुग्णालय सुरू करणाऱ्या डॉ. विल्यम वॉनलेस यांच्याबद्दल सांगा, गावातलंच उदाहरण आहे. भूमिका दरवेळी फिरवा. एकाच मुलाला कायम चोर करू नका, ते त्याला लागतं.

नाताळच्या चांदण्यांसाठी बांबूच्या कामट्या नोव्हेंबरातच आणून ठेवा. तासणं मोठ्यांनी, कागद चिकटवणं मुलांनी. वर्गात इतर धर्मांची मुलं असतील तर त्यांच्या पालकांना आधी भेटून काय करणार ते सांगा.