७० व्या वर्षी निवृत्त केलेला अमेरिकी फुटबॉल कोच कोण?

तुम्ही विचारताय ते एमॉस अलोन्झो स्टॅग. (फुटबॉल म्हणजे इथं अंडाकृती चेंडूचा, अमेरिकी.)

१८६२ चा जन्म, येल विद्यापीठाचा खेळाडू. १८९२ मध्ये नव्याकोऱ्या शिकागो विद्यापीठात कोच म्हणून आले. बोलावणारे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे येलमधले त्यांचेच शिक्षक. हंगामापुरता कोच ठेवायच्या त्या काळात स्टॅगना थेट प्राध्यापकाचा दर्जा मिळाला. मग ४१ हंगाम तिथंच!

त्यांचा गाजलेला सामना १९०५ चा, मिशिगनविरुद्ध. मिशिगन सलग ५६ सामने अपराजित. मिशिगनच्या एका खेळाडूनं शिकागोची किक आपल्याच गोलरेषेमागे पकडली, चेंडू घेऊन बाहेर पळाला आणि शिकागोवाल्यांनी त्याला परत आत रेटलं. नियमानं त्याचे दोन गुण शिकागोला. निकाल २-०, बस्स.

१९३२ च्या हंगामानंतर विद्यापीठानं वयाची अट दाखवून त्यांना निरोप दिला. गडी घरी बसतोय कुठला! कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक कॉलेजात १९४६ पर्यंत कोचिंग केलं आणि १९४३ मध्ये, ८१ व्या वर्षी, वर्षातला सर्वोत्तम कोच ठरले. पुढं सस्क्वेहाना विद्यापीठात मुलासोबत कोचिंग केलं. १९६५ मध्ये गेले, वय १०२.

जाता जाता: १९४२ मध्ये जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया झाली ती शिकागो विद्यापीठाच्या, त्यांच्याच नावाच्या स्टॅग फील्ड मैदानाच्या प्रेक्षक-गॅलरीखाली. फुटबॉल तिथून १९३९ मध्येच बंद झाला होता.