मुस्लिम नेत्यांनी आपल्याच समाजाला आत्मपरीक्षण करा म्हणून सांगितलं तर काही फरक पडतो का?

तुम्ही इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सीसी यांच्या भाषणाचा दाखला देऊन विचारलंय की असं बोलणाऱ्या मुस्लिम राज्यकर्त्यांमुळं खरंच काही बदलतं का, आणि आपल्याकडचे मुस्लिम पुढारी असं का बोलत नाहीत. मी परभणीचा, घरात दखनी, शाळा मराठी आणि नोकरी सगळी ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवण्यात गेली, त्यामुळं उत्तर थोडं लांबणार.

तर सीसी. २०१५ उजाडताना त्यांनी कैरोतल्या अल अझहर या नामांकित इस्लामी विद्यापीठाच्या मोठमोठ्या उलेमांना (धर्मपंडितांना) समोर बसवून सांगितलं की शेकडो वर्षं आपण काही विचार पवित्र मानून बसलो, त्यामुळं अख्खी उम्मत, म्हणजे जगभरचा मुस्लिम समाज, जगाच्या डोळ्यात खुपायला लागली, आता धार्मिक क्रांती पाहिजे. जगभर वाहवा झाली, आमच्या ग्रुपवर पण तो व्हिडिओ फिरला. पण पुढचं कुणी फॉरवर्ड करत नाही. तिथं इस्लाम बेहेरी नावाचा एक टीव्हीवाला होता, पैगंबरांच्या वचनांच्या जुन्या संग्रहांवर (हदीस) तो उघड प्रश्न विचारायचा, म्हणजे सीसीसाहेबांनी जे करा म्हणलं तेच. त्याच वर्षी त्याला धर्माच्या अवमानाखाली पाच वर्षांची सजा लागली, अपिलात ती एक वर्षावर आली, जेलात जावं लागलंच, शेवटी २०१६ च्या नोव्हेंबरात सीसींनीच माफी दिली. आता सांगा, पुढच्या माणसानं यातून काय धडा घ्यायचा? क्रांती करा पण राष्ट्राध्यक्षांनी परवानगी दिल्यावरच.

आणि २०१७ मधली गंमत बघा. सीसी म्हणाले, तोंडी तलाकनं घरं फार मोडायलीत, नोंद केल्याशिवाय तलाक धरू नका. अल अझहरच्या सर्वोच्च उलेमा मंडळानं थोड्याच दिवसांत सांगून टाकलं की तोंडी तलाक वैधच. लष्कर हातात, पोलिस हातात, संसद जवळपास हातात, तरी या एका मुद्द्यावर हुकूमशहाचं काही चाललं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानं एका दमातला तिहेरी तलाक बाद केला. आणि ज्या पाकिस्तानला आपण कट्टर म्हणतो तिथं लष्करशहा अयुब खाननं १९६१ लाच तलाकची लेखी नोटीस द्यायची आणि नव्वद दिवस थांबायचं असा कायदा करून ठेवलेला. भाषण नाही, अध्यादेश. त्यातून पळवाटा निघाल्या, पण कागदावर बाईच्या हातात काहीतरी आलं ना.

मला तरी फरक इथंच दिसतो. नुसतं बोलणारे बरेच होऊन गेले. पाकिस्तानच्याच जनरल मुशर्रफनं जानेवारी २००२ मध्ये टीव्हीवर येऊन स्वतःच्याच देशातल्या जिहादी संघटनांना झापलं, बंदी घातली, पण त्याच्या आधी २००० साली ईशनिंदा कायद्याची नुसती गुन्हा नोंदवायची पद्धत बदलायची म्हणली तर मौलवी रस्त्यावर आले आणि जनरलसाहेब मागं सरकले. मलेशियाचे पंतप्रधान महाथीर यांचं तर अजूनच वाईट वाटतं. ऑक्टोबर २००३ मध्ये मलेशियातल्या पुत्रजयाला इस्लामी देशांच्या परिषदेत त्यांनी सांगितलं की आपले पूर्वज गणित, वैद्यक, खगोल शिकत होते, नंतर फक्त धर्मशास्त्र म्हणजेच ज्ञान असं ठरलं आणि आपण मागं पडलो. अगदी बरोबर. पण त्याच भाषणात ज्यू पडद्याआडून जग चालवतात असं ठोकून दिलं, आणि जगाच्या लक्षात तेवढंच राहिलं. राहणारच. आत्मपरीक्षण करता करता मध्येच दुसऱ्याकडं बोट दाखवलं की ऐकणाऱ्याला सोयीचं तेवढंच तो उचलतो.

याच्या उलट ट्युनिशियाचा बुर्गिबा. मार्च १९५६ ला देश स्वतंत्र, ऑगस्टमध्ये कायदा: बहुपत्नीत्व बंद, तलाक फक्त कोर्टात. तो काही संत नव्हता बरं का, पुढं स्वतःला तहहयात राष्ट्राध्यक्ष करून घेतलं आणि १९८७ ला खुर्चीवरून उतरवला गेला. पण कायदा टिकला, कारण तो जाईपर्यंत एक पिढी त्यातच लग्नं करून मोकळी झाली होती.

आता आपल्याकडं. कुणी बोललंच नाही हे मला मान्य नाही. तलाक दिलेल्या बाईला पोटगी द्या असं सांगणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या शाहबानो निकालाच्या बाजूनं ऑगस्ट १९८५ मध्ये काँग्रेसचे मंत्री आरिफ मोहम्मद खान लोकसभेत बोलले, त्यांच्याच पक्षाच्या सरकारनं नंतर निकाल फिरवणारा कायदा आणून कोलांटउडी मारली आणि ८६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्यांचं पुढचं राजकारण मला पटत नाही, पण त्या वेळी ते पडले ते मौलवींमुळं कमी आणि दिल्लीतल्या हिशोबामुळं जास्त.

आणि मराठवाड्याची अडचण थोडी वेगळी आहे, ती बाहेरच्यांना कळत नाही. आमच्याकडं मुसलमानाला आत्मपरीक्षण कर म्हणलं की म्हाताऱ्या माणसांना रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूची ती सशस्त्र संघटना, ऐकू येतं. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करायचा, त्याच्या लोकांनी जे केलं ते केलं. पण भारतात विलीन व्हा असं लिहिणारा 'इमरोज' या उर्दू पेपरचा संपादक शोएबुल्ला खान, त्याला २२ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादेत मारला तो पण रझाकारांनीच. मुसलमान संपादक, स्वतःच्याच लोकांवर टीका करणारा. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, दरवर्षी झेंडावंदन होतं, भाषणं होतात, किती जण त्याचं नाव घेतात बघा एकदा. आणि पोलिस ॲक्शननंतर (१९४८ ची हैदराबाद संस्थानावरची भारतीय लष्कराची कारवाई) उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या भागात साध्या मुसलमानांवर जे गुदरलं ते भारत सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीच्या रिपोर्टात आहे, तो रिपोर्ट कित्येक वर्षं दाबून ठेवलेला. त्यामुळं माझे आजोबा सुधारणेच्या विरोधात नव्हते, त्यांचं एवढंच म्हणणं, हे सांगणारा कोण आहे आणि आत्ताच कामून सांगतोय?

म्हणून मला रफिक झकेरिया महत्त्वाचे वाटतात. औरंगाबादेतून (आता छत्रपती संभाजीनगर) निवडून आले, राज्यात मंत्री झाले, १९६३ ला रौझा बागेत मौलाना आझाद कॉलेज काढलं. उतारवयात त्यांनी भारतीय मुसलमानांना लै कडक सुनावलं, वेगळेपणाचं तुणतुणं बंद करा, शिका, शेजाऱ्याशी जुळवून घ्या. पुष्कळांना झोंबलं, पण औरंगाबादेत त्यांना 'तुम्ही काय केलं' असं कुणी विचारू शकत नव्हतं, कारण विचारणाऱ्याचीच पोरगी त्यांच्या संस्थेत शिकत असायची. जाता जाता, जमात-ए-इस्लामी काढणाऱ्या मौदुदींचा जन्म पण औरंगाबादचाच, १९०३ चा. एकच गाव, काय काय निघतं त्यातून.

आजच्या पुढाऱ्यांनी सीसीसारखं क्रांतीबिंतीचं भाषण करावं असं मला वाटतच नाही. आमच्याकडं 'जोडे की रकम' म्हणून प्रकार आहे, म्हणजे नवरदेवाला द्यायचा रोख हुंडा. शादीखान्यात जा तुम्ही, काझीसाहेब खुतब्यात (निकाहच्या प्रवचनात) निकाह सोपा करा म्हणून सांगतात, मेहर (नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम) चारचौघात वाचली जाते, आणि रकम मात्र आदल्या दिवशीच घरी पोचलेली असते, वर दारात रिबीन लावलेली बुलेट उभी. पोरीच्या बापानं शेत विकलेलं सगळ्या मंडपाला माहीत. स्टेजवर नगरसेवक, आमदार, सगळ्या पक्षाचे, नवरदेवाच्या गळ्यात हार घालायला रांगेत. हे कुराणात नाही, हदीसमध्ये नाही, मौलवी पण विरोध करणार नाहीत, बेहेरीसारखं जेलात पण कुणी घालणार नाही, इतकी सोपी सुधारणा. आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला म्हणलं, रकम घेतलेल्या लग्नाला मी येणार नाही एवढं एकदा जाहीर करा. तो म्हणला, "सर, बोलने कू बोल देतूं, पन फिर मेरे कू बुलाएगा कौन?" तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं माझ्याकडं तरी हेच उत्तर आहे.